डोळेवाली ताई

ताईंना माणसांची नावं लक्षात राहत नसत, डोळे राहत. "ती नाही का गं, कोपरे उतरलेली, वैशाखात लग्न झालं तिचं," असं त्या म्हणायच्या आणि कुणाबद्दल चाललंय ते मी ओळखायचं. ठाकुर्ली स्टेशनजवळ तळमजल्यावरच्या एका खोलीत त्यांचं पार्लर होतं. मी दिव्याहून लोकलने तिथे कामाला जायचे. आयब्रो, फेशियल, मेंदी सगळं माझ्याकडे; लायनरला हात लावायचा अधिकार फक्त त्यांचा. आजूबाजूच्या बिल्डिंगांत त्यांना 'डोळेवाली' म्हणत, आणि ताई त्यावर खूश असत.

गिऱ्हाइकाला आरशासमोर ताठ बसवून त्या आधी नुसत्या बघत राहत. नवीन मुली अवघडून डोळे मिटून घेत. मग ताई खेकसत, "उघड गं! लग्नात काय डोळे मिटून फिरणारेस?" पापणी जड असेल तर मिटल्या डोळ्यावर काढलेली रेघ डोळा उघडताच घडीत गडप होते, म्हणून त्या उघड्या डोळ्यावर आधी ठिपका देत आणि रेघ त्या ठिपक्यापर्यंत नेत. कोपरे उतरलेले असले तर टोकाला जायच्या आतच रेघ वर उचलायची. डोळे जवळजवळ असले तर आतला कोपरा मोकळा ठेवायचा. मला हे सगळं पाठ होतं, पण त्यांच्यासारखा हात कधीच आला नाही.

एकदा एक मुलगी मोबाइलवर कुठल्याशा नटीचा फोटो घेऊन आली. असंच पाहिजे म्हणाली. ताईंनी फोटो पाहिला, मुलीकडे पाहिलं. "हे डोळे ती घरी घेऊन गेली, बाळा. आपण तुझ्यावर काम करू." मुलगी फुगून बसली. तासाभराने मात्र आरशासमोरून हलेना. शेवटी तिच्या आईने ओढून नेलं.

स्वतःच्या डोळ्यांत ताई साधं काजळही घालत नसत. मूलबाळ नव्हतं. नवरा वारला तेव्हा सासूने काजळाची डबी उचलून नेली, तेव्हापासून घातलं नाही, एवढंच त्यांनी एकदा सांगितलं. त्यावर मी काही बोलले असते तर भांडणच झालं असतं.

मग त्यांचं डोकं दुखायला लागलं. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, म्हणायच्या. डोळे लाल झाले की गुलाबपाणी घालून थोडा वेळ आडव्या होत आणि उठून पुन्हा कामाला लागत. आधी राग दिव्यांवर निघाला. ट्यूब बदलली, वर आणखी एक बल्ब लावला. मग लायनरवर. "कंपन्या पाणी घालतात हल्ली. काळा रंग काळा राहिला नाय."

"रंग काळाच आहे, ताई. डॉक्टरकडे चला."

"लग्नसराई संपू दे गं."

ती संपते कधी? लग्नं थांबली की साखरपुडे, साखरपुडे थांबले की डोहाळजेवणं. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघणाऱ्या बाईला स्वतःचा डोळा दाखवायला सवड नव्हती. मी रागावले, अबोला धरला, एकदा तर त्यांना रिक्षात बसवलं. नाक्यावर उतरून त्या परत आल्या. मला याचा तेव्हा भयंकर राग यायचा. अजूनही येतो.

कल्याणच्या एका हॉलवर शेवटचं लग्न केलं. पांढऱ्या साडीतली नवरी, पापण्या जड. बाहेर बुद्धवंदनेची तयारी चाललेली. ताईंनी एक डोळा असा काढला की मी बघत राहिले. मग दुसऱ्यावर वळल्या. बाटली संपली होती, ब्रश कोरडा होता. हात मात्र तोच. आतल्या कोपऱ्यापासून निघाला, न थरथरता टोकापर्यंत गेला, हलकेच वर उचलला. "झालं. बघ."

नवरीने आरशात पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई, हा डोळा राहिला ना?"

"कुठला?" ताईंनी विचारलं.

मी नवी बाटली उघडली आणि तो डोळा पुरा केला. ताई माझ्यामागे उभ्या राहून कोरडा ब्रश पुसत होत्या, पुसतच होत्या. परत येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "उद्या जाऊ डॉक्टरकडे."

काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकते का बघू, असं डॉक्टर म्हणाले. ती टिकली नाही. पार्लर बंद झालं आणि भाऊ त्यांना खडवलीला घेऊन गेला.

मागच्या महिन्यात भेटायला गेले. ताई ओटीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. कोणकोणत्या नवऱ्या केल्यास, डोळे कसे होते, सगळं खोदून खोदून विचारलं आणि माझ्या दोन चुकाही काढल्या. मी निघते म्हटल्यावर त्या निरोपाला उभ्या राहिल्या. चपला घालायला मी पायरीकडे गेले, ते त्यांना कळलं नाही. मी आधी उभी होते त्या जागेकडे तोंड करून त्या हसून म्हणाल्या, "तुझे डोळे फार सुंदर आहेत गं. कधी बोलले नाय, डोक्यावर बसली असतीस."

मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता त्या जागी जाऊन उभी राहिले.