दुसऱ्या माणसाने बघायचं

आमच्या ह्यांची एक सोसायटी आहे असं सांगितलं की लोक पाण्याची टाकी, पार्किंगची भांडणं असलं काहीतरी सहानुभूतीने विचारतात. त्या भांडणांना निदान कधीतरी अंत असतो. ही सोसायटी वेगळी. विमानं, रॉकेटं, उपग्रह यांच्या कामात आयुष्य घातलेल्या माणसांची ही संघटना, तिची आमच्या शहरातली शाखा, आणि त्या शाखेचे सचिव म्हणजे आमचे हे. पगार नाही, भत्ता नाही, वर पेट्रोल आपलं. मी पहिल्यापासून म्हणत आले की हा नसता उपद्व्याप आहे. माझं म्हणणं ह्या घरात कधी कुणी मनावर घेतलेलं नाही.

शाखेचं काम काय? दर महिन्याला एक व्याख्यान. वर्षातून एकदा विमानाचा कारखाना नाहीतर विमानाचे नमुने तपासायचा वाऱ्याचा बोगदा बघायला सहल. शाळांमध्ये जाऊन विमान कसं उडतं ते सांगायचं. शिकणाऱ्या पोरापोरींना नोकरीधंद्याबद्दल सल्ला द्यायचा. आणि कागदी ग्लायडरची स्पर्धा, जिच्यावर ह्यांचा सगळ्यात जास्त जीव. कागदावर सभासद शेकड्यांनी आहेत. ‘स्वयंसेवक हवेत’ अशी मेल हे सगळ्यांना पाठवायचे आणि दिवसभर उत्तरांची वाट बघत बसायचे. एकदा आलं एक उत्तर. आनंदाने मला हाक मारून बोलावलं. बघते तर कुणीतरी सुट्टीवर असल्याची आपोआप आलेली मेल.

वार्षिक सभेचा प्रकार तर बघवत नसे. ‘नवीन सचिव म्हणून कुणाची तयारी आहे?’ असं विचारलं की हॉलमध्ये एकदम सुतकी शांतता. प्राध्यापक चष्मा पुसायला लागायचे. खजिनदारांच्या बुटाची नाडी नेमकी तेव्हाच सुटायची. ज्यांना कधी कुणाचा फोन येत नाही त्यांनाही फोन यायचा. ह्यांना ती शांतता सहन व्हायची नाही. ‘बरं, मग मीच चालू ठेवतो,’ असं हे म्हणाले रे म्हणाले की टाळ्यांचा कडकडाट. आपली मान सुटली म्हणून वाजवलेल्या टाळ्या त्या. आमचे हे मात्र लाजून नमस्कार करायचे.

हे नोकरीत विमान तपासनीस होते. मेकॅनिकने काम केलं की ह्यांनी ते बघायचं आणि मगच विमान बाहेर. तिथला नियम असा की ज्याने काम केलं त्याने ते ‘ठीक’ म्हणायचं नाही, दुसऱ्या माणसाने बघायचं. ‘ज्याने केलंय त्याला आपली चूक दिसत नाही,’ हे समजावून सांगतात, ‘त्याला जे करायचं होतं तेच दिसतं.’ हे बोलणं विमानाला ठीक आहे. पण मी गॅस बंद केला की हे उठून जाऊन बघतात. मी कुलूप लावलं की हे ओढून बघतात. आणि स्वतः लावलं की मला ओढायला लावतात. एवढं करून प्रवास करायचा तो रेल्वेने. जन्मभर विमानं तपासलेला माणूस विमानात बसायचं म्हटलं की म्हणतो, ‘कुठं काय राहून जातं ते मला ठाऊक आहे.’

तोच नियम ह्यांनी शाखेला लावला. खुर्च्या एकाने मांडायच्या, दुसऱ्याने बघायच्या. माइक एकाने जोडायचा, दुसऱ्याने बघायचा. बघायचं म्हणजे नुसतं डोळ्यांनी नाही, हात लावून. पहिला माणूस मिळायची मारामार, तिथे दुसरा कुठून आणणार? एकदा हे दुसरेपण खजिनदारांच्या गळ्यात पडलं. त्यांनी दारातूनच ‘एकदम मस्त’ म्हणून पाय काढता घेतला. व्यासपीठावरचा, विमानाचं चित्र असलेला पडदा उलटा टांगलेला होता. उड्डाणाच्या सुरक्षिततेवर बोलायला आलेले पाहुणे तासभर एका उताण्या विमानाखाली उभे राहून बोलले. तेव्हापासून दुसरा माणूस म्हणजे मी. खुर्च्यांवर दाब देऊन बघायच्या, जमिनीला चिकटवलेली वायर ओढून बघायची, चहाच्या पिंपाचं झाकण फिरवून बघायचं, मागचं दार उघडतं का ते बघायचं. मी काही सभासद नाही, मला रॉकेटातलं ओ की ठो कळत नाही, पण शाखेच्या पिंपाची झाकणं माझ्याइतकी कुणी फिरवली नसतील.

हे सगळं मी चालवून घेतलं. जे चालवून घेता आलं नाही ते मुलीच्या बाबतीतलं. तिच्या पहिल्या बाळंतपणाला आम्ही दोघांनी जायचं ठरलं होतं. ऐनवेळी ह्यांची स्पर्धा निघाली. ‘तू हो पुढे, मी चार दिवसांत येतोच.’ मग स्पर्धेनंतर सहल, सहलीनंतर कुणा मोठ्या पाहुण्यांचं व्याख्यान. हे पोचले तेव्हा बाळाला दात यायला लागले होते. दारावरची बेल वाजली की मुलीची मान कशी वळायची ते मी बघितलेलं आहे.

आता तिला परत दिवस गेले. फोन आला तेव्हा मी तो स्पीकरवर टाकून भाजी चिरत होते आणि हे पलीकडे पडद्याची दोरी गुंडाळत होते.

‘आई, या वेळी बाबा येणार नसतील तर आत्ताच सांग,’ ती म्हणाली. ‘मी मागच्यासारखी दाराकडे डोळे लावून बसणार नाही. नाही म्हणालीस तरी चालेल. फक्त खरं सांग.’

मी ह्यांच्याकडे बघितलं. दोरी हातात तशीच होती.

‘येणार,’ हे म्हणाले. ‘सचिवपद सोडतो.’

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, ‘अहो, सोडता म्हणजे कुणाला देता? घ्यायला आहे कोण?’

हे परत दोरी गुंडाळायला लागले.

सभेला मी मुद्दाम मागच्या रांगेत जाऊन बसले आणि ह्यांच्यावर डोळे रोखून ठेवले. प्रश्न विचारला गेला. नाड्या सुटल्या, चष्मे पुसले गेले. ह्यांचे ओठ हलायला लागलेले मला दिसले, तेव्हा मी एवढ्या जोरात खाकरले की पुढच्या दोघांनी मागे वळून बघितलं. हे गप्प बसले. आणि बाजूच्या रांगेतून एक हात वर आला.

ती ड्रोनवाली. तिची लहानशी कंपनी आहे, पूल आणि धरणं वरून तपासून देणारी. पाठीला कायम सॅक, आणि बोलणं असं की मधे श्वास कधी घेते कळत नाही. ‘मी करते,’ ती म्हणाली, ‘पण माझ्या पद्धतीने.’ मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

तिची पद्धत साधी होती. ‘स्वयंसेवक हवेत’ असलं तिने काही लिहिलंच नाही. रविवारी तासभर दारात कोण उभं राहील? पाहुण्यांना स्टेशनवरून कोण आणेल? ग्लायडरचे कागद घरी बसून कोण कापेल? असं एकेक काम तिने एकेकाला विचारलं. भराभर हो आले. प्राध्यापक शाळेत जायला तयार झाले. खजिनदारांनी कागद कापायला नेले, ते म्हणे बायकोसकट बसून कापले.

‘ही माणसं इतकी वर्षं होती कुठे?’ हे बिचारे खरोखरच गोंधळले होते.

‘तुम्ही कधी तासभर मागितलात?’ मी म्हटलं. ‘तुम्ही अख्खा जन्म मागत होतात. कोण देणार?’

तिने स्पर्धेची तारीख ठरवली आणि ती नेमकी आमच्या गाडीच्या दिवशी आली. सकाळी स्पर्धा, दुपारी आमची गाडी. मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, ‘नुसता डोकावून येतो गं. जेवायच्या आत घरी.’ मी बॅगा भरल्या, त्यांची कुलपं माझी मीच ओढून बघितली, पानं वाढली, पानं झाकून ठेवली. फोन लावला तर बंद. हॉलमध्ये फोन बंद ठेवायचा हाही ह्यांचाच नियम. माझं डोकं असं फिरलं की मी टॅक्सी बोलावली, बॅगा त्यात टाकल्या आणि म्हटलं, हॉलवर घ्या.

हॉलबाहेर मुलांची ही गर्दी. सगळ्यांच्या हातात ग्लायडर, आणि दार बंद. आत आमचे हे गुडघ्यांवर बसून खुर्च्यांच्या पायांवर टॉर्च मारत होते. ड्रोनवाली भिंतीला टेकून उभी होती.

‘काकू, घेऊन जा हो यांना,’ ती म्हणाली. ‘सगळं कधीचं तयार आहे. काका दार उघडू देत नाहीत.’

‘अगं, हिने सगळ्यांना घेऊन मांडलंय,’ हे खालूनच म्हणाले. ‘दुसऱ्या कुणी बघायला नको? आणि सगळ्यांनी मिळून केलं, एकेकाने हात लावला. दुसरा माणूस म्हणून कुणी उरलाच नाही. मग मी बघतोय.’

‘मग बघून झालं का?’ मी विचारलं.

‘झालं. पण टेबलं लावताना मीही हात दिला ना. म्हणजे मीसुद्धा दुसरा नाही.’

यावर कुणी काय बोलावं? बाहेर पोरं दार ठोकत होती, टॅक्सीचं मीटर पळत होतं, आणि हा माणूस असा अडकून बसला होता की स्वतःला सोडवायचं कसं तेही त्याला कळत नव्हतं. मी खुर्चीवर पर्स आपटली. ‘मी कशालाही हात लावलेला नाही,’ मी म्हटलं. ‘व्हा बाजूला. मी बघते.’

पुन्हा कधी हे करायचं नाही असं मी ठरवलेलं होतं. पण बघायचंच तर नीट बघायचं, वरवर बघितलेलं ह्यांना लगेच कळतं. मी एकेका खुर्चीवर दाब दिला. वायर ओढली. पडदा सुलट आहे का, विमानाचं नाक कुठे, शेपूट कुठे, ते बघितलं. परीक्षकांचं टेबल हलवून बघितलं. सुरुवातीला हे माझ्या मागे मागे फिरत होते. मग घड्याळाकडे बघायला लागले.

‘चल आता,’ हे म्हणाले.

‘थांबा. पिंप राहिलंय.’

‘अगं, गाडी चुकेल!’

‘चुकू दे. मागचं दार बघू दे मला.’

‘अगं, ती वाट बघत असेल तिथे!’

हे वाक्य ह्यांच्या तोंडून ऐकायला मला किती वर्षं लागली. मी मागचं दार उघडलं, लावलं, आणि ड्रोनवालीला सांगितलं, ‘ठीक आहे. उघड.’ तिने दार उघडलं आणि पोरांचा लोंढा आत आला. पहिला ग्लायडर हवेत गेला तेव्हा आम्ही बाहेर पडलो होतो. हे बघायला थांबले नाहीत. मला वाटलं होतं, थांबतील.

टॅक्सीत ह्यांनी बॅगांची कुलपं ओढून बघितली. मग म्हणाले, ‘इतकी वर्षं मी हे केलं. बरं केलं की वाईट, कुणी कधी बघितलंच नाही गं.’

‘मी बघत होते,’ मी म्हटलं. ‘म्हणून तर चिडत होते.’

‘मग? कसं होतं?’

खोटं बोलायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. ‘तिकडचं सगळं चांगलं केलंत,’ मी म्हटलं. ‘घरचं एक काम राहिलं. ते आता दुरुस्त होण्यातलं नाही.’ हे खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाईट वाटलं, पण बोललेलं मागे घ्यावंसं वाटलं नाही.

सकाळी पोचलो. मुलीच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. मी पुढे चढले, हे दोन्ही बॅगा घेऊन मागे. मला एक उचलू दिली असती तर ना! बेल वाजवली. मुलीने दार उघडलं. पोट पुढे आलेलं, केस विस्कटलेले. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. तिने माझ्या खांद्यावरून मागे जिन्याकडे बघितलं. जिना रिकामा होता, आणि तिचा चेहरा एकदम उतरला. म्हणे, मी दाराकडे डोळे लावून बसणार नाही!

‘येतायत,’ मी घाईघाईने म्हटलं. ‘खाली आहेत. बॅगा घेऊन चढतायत.’

मी नको नको म्हणत असताना ती मला बाजूला करून जिन्यापाशी गेली. हे वळणावर आले, धापा टाकत. तिला बघून तिथेच थांबले. दोन्ही हातांत बॅगा, त्या खाली ठेवायचंही सुचेना.

‘मागच्या वेळी मी...’ हे म्हणाले.

असू द्या बाबा, असं ती म्हणेल असं मला वाटलं.

‘हो. मागच्या वेळी नव्हता आलात,’ ती म्हणाली. मग दोन पायऱ्या उतरून तिने त्यांचा दंड घट्ट धरला आणि लहानपणी रडायची तशी मोठ्याने रडायला लागली. मी त्या दोघांच्या मधून वाट काढली, ह्यांच्या हातांतून बॅगा सोडवून घेतल्या आणि एकेक करून आत नेल्या.