मला वाटलं, कौतुकानं शिकवतायत

"सिव्हिअर डिप्रेशन," माझ्या मिस्टरांना तपासून अलिबागच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. म्हणजे तीव्र नैराश्य. मनाचा असा आजार की जगायची ओढच संपते. मग त्यांनी मला विचारलं, "गेल्या महिन्यात यांच्यात काही बदल दिसला?"

"दिसला की. चांगले सुधारले होते."

हे मी अभिमानानं सांगितलं होतं. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

नागावात आमची नारळाची वाडी आणि पाहुण्यांसाठी चार खोल्या. वीस वर्षं सगळा कारभार माझ्या मिस्टरांच्या हाती. पंपाच्या बटणालाही मला हात लावू देत नसत. त्या महिन्यात मात्र एकेक शिकवायला लागले. पंप, पाण्याच्या पाळ्या, नारळ पाडायला कोणाला बोलवायचं. फाटकावरच्या पाटीवरून स्वतःचा फोन नंबर पुसून माझा रंगवला. झोप उडाली होती, ताटात अन्न टाकत होते. ते मी वयावर ढकललं. पाटीचा फोटो मात्र माहेरी पाठवला. "उशिरा का होईना, तुझ्या भावाला अक्कल आली," असं नणंदेला चिडवलंसुद्धा.

एका सकाळी नारळ पाडणारा महादू झाडावर न चढताच मागच्या दारी आला.

"वैनी, दादा नीट न्हाय. मना बोलले, पुढच्या येळी मी नसेन, वैनीला इचार. माझा भाऊ असाच बोलला व्हता, आन् गेला. त्यांना एकटं सोडू नका."

मी तशीच पुढे धावले. हे पडवीत बसले होते. मी सरळ विचारलं, "जीव द्यायचं मनात आहे का?" ते ओक्साबोक्शी रडले. दुपारच्या आत आम्ही ओपीडीच्या रांगेत होतो. महादू काम टाकून सोबत आला, त्याचे उपकार कसे फेडू?

"विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही," मॅडम म्हणाल्या. "आत असतो तो बाहेर येतो. गोळ्यांना मात्र काही आठवडे द्या."

त्यांना तिथेच दाखल करून घेतलं. बारा दिवस मी वॉर्डात कॉटशेजारी बसून त्यांचा श्वास ऐकत राहिले.

तुमच्या घरी कोणी असा अचानक सगळा कारभार सोपवायला लागलं, तर माझ्यासारखं हुरळून जाऊ नका. विचारा. भीती वाटली तरी विचारा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आठ महिने झाले. गोळ्या चालू आहेत. पाहुण्यांशी गप्पा मारतात, माझ्या आमटीला नावंही ठेवतात. परवा मात्र मीटरची पेटी उघडून मला फ्यूज दाखवायला लागले.

"मनात आहे का काही?" मी विचारलं.

त्यांनी पेटी बंद केली. "येतं अधूनमधून. आज नाही. पण विचारत जा."