यादीतला चौदावा मुद्दा

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे. खरं सांगायचं तर बहुतेकांना मनातल्या मनात कारण देऊन मोकळी होते — झोप झाली नसेल, वारा असेल, मांजर असेल. मी चंद्रपूरला एका सरकारी कार्यालयात आस्थापनेचं काम बघते, सगळ्यांची सेवापुस्तकं माझ्याकडे असतात. ज्याची नोंद नाही ते घडलं नाही, अशी माझ्या डोक्याची घडण. शिवाय आमचं घर बौद्ध. अंगारे-धुपारे, बाहेरचं लागणं वगैरे बाबांनी आमच्या जन्माआधीच उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... पण या वेळी माझ्याकडे नोंद आहे, आणि तीच तर अडचण आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. माझा धाकटा भाऊ संदीप जर्मनीत असतो. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते आणि तिला आई नाही. आमच्या आईला तिथे जायचं होतं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, यंदा नेऊन आणा, पुढे विमानाचा प्रवास नको. म्हणजे नातवंड त्याच्या घरी जाऊन मांडीवर घ्यायचं तर आत्ताच. सोबत मी.

एजंटकडे जायचं नाही, दोघींचे टुरिस्ट व्हिसाचे अर्ज आपणच भरायचे, हे मी ठरवलं. ओळखीतल्या एकांचा अर्ज एजंटने अर्धवट कागदांवरच पाठवला आणि तो नाकारला गेला होता, ते डोक्यात होतं. मी वही काढली. निमंत्रणपत्र, प्रवास विमा, बँकेचं स्टेटमेंट, येण्याजाण्याचं आरक्षण, माझ्या कार्यालयाचं ना-हरकत पत्र, ठरलेल्या मापाचे फोटो... एकूण बावीस मुद्दे. सहा कामं झाली तेव्हा पानाचा फोटो काढून संदीपला पाठवला. त्याचं उत्तर आलं, ताई, जर्मन माणूसपण एवढी यादी करत नाही.

कागद द्यायला हैदराबादच्या केंद्राची अपॉइंटमेंट मिळाली. एकच. त्यानंतरची तारीख बाळंतपण उलटून गेल्यावरची होती.

दहा दिवस आधी, रविवारी दुपारची जेवणं आटोपून मी वही घेऊन टिक करायला बसले. तेरा झाले. चौदावा मुद्दा होता — ‘आईच्या बोटांना रोज मोहाचं तेल. भांडी, झाडू बंद.’

अक्षर माझंच. वाचताक्षणी उठून मी आईची बोटं उजेडात धरून बघितली.

आईने उभं आयुष्य पोंभुर्ण्याकडे धानाचं रोवणं केलं, तेंदूपत्ता तोडला, मोहफुलं वेचली. तिच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्यात. राशनच्या मशीनवर तिचा अंगठा उमटत नाही, म्हणून वर्षानुवर्षं माझा नवरा जाऊन स्वतःचा अंगठा देऊन येतो. आमच्याकडे घरोघरी हेच चालतं. सवयच अशी, की ही अडचण आहे हेच आम्ही विसरून गेलो होतो. पासपोर्टच्या वेळी बोटं पुन्हा पुन्हा दाबून कसंबसं निभावलं होतं, तेही विसरलो. आणि व्हिसाला दहाही बोटांचे ठसे लागतात...

कधी लिहिलं ते आठवेना. पण यादीत आहे म्हणजे करायचं. गावाहून मामेबहिणीने मोहाच्या बियांच्या तेलाची बाटली पाठवली. सकाळ-संध्याकाळ बोटं चोळायची आणि रात्री हातात सुती मोजे. आईने दोनदा चोरून कप विसळले, दोन्ही वेळा पकडली.

“आता या वयात हळद लावून राह्यली का व मले?” ती म्हणाली. पण हात पुढे केला.

बल्लारशाहून आदल्या दिवशी गाडीने गेलो. केंद्रात आमच्या पुढे एक आजोबा होते. मशीनने त्यांची बोटं घेतलीच नाहीत. नवी अपॉइंटमेंट घेऊन परत या, असं त्यांना नम्रपणे सांगितलं. त्यांचा मुलगा बराच वेळ विनवत राहिला. आई ते बघत होती. माझा हात तिने घट्ट धरला.

मग तिची पाळी. लाल दिवा. पुन्हा लाल. काउंटरवरची मुलगी म्हणाली, अम्मा, आरामसे. तिसऱ्यांदा हिरवा. मग दुसरा हात, मग अंगठे... सगळे हिरवे. माझे डोळे भरून आले होते, आणि आईला सुचत होतं भलतंच.

“सुनंदा, राशनवाल्याले सांगशील, जर्मनीवाल्यानं घेतला माहा अंगठा.”

व्हिसा आला. बाळाच्या जन्माआधी चार दिवस आम्ही दोघी तिथे पोचलो. मुलगी झाली. पहिली अंघोळ आईनेच घातली.

पुढचं तिथलंच. संदीपच्या मित्राला आपल्या आईवडिलांना बोलवायचं होतं, त्याला माझी यादी हवी होती. मी म्हटलं, त्यांचीही बोटं बघून घ्या म्हणावं, चौदावा मुद्दा. संदीपने मोबाईलमधला फोटो उघडला आणि म्हणाला, “ताई, चौदावं बँकेचं स्टेटमेंट आहे.”

मी पिशवीतून वही आणली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही शेजारी ठेवलं. फोटोत बावीस मुद्दे आणि तळाशी एक कोरी ओळ. वहीत तेवीस, तळ भरलेला. चौदापासून पुढचा प्रत्येक मुद्दा एकेक ओळ खाली सरकलेला. खाडाखोड नाही, दाटीवाटी नाही. कोपऱ्यातला चहाचा डाग दोन्हीकडे सारखा. सहाव्या टिकवर शाई सांडलेली, तीही सारखी. माझ्या वह्यांना मी पानांचे आकडे घालते. एकही पान कमी नव्हतं.

संदीप सॉफ्टवेअरवाला. तू यादी पुन्हा लिहिली असशील, म्हणाला. मी विचारलं, आणि चहाचा डाग? तो बराच वेळ फोटो मोठा करून बघत बसला. मग फोन ठेवून दिला.

आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिला सगळं समजावून सांगितलं.

“लिवणारं कोणी असो,” ती म्हणाली. “पोरगी तं आली ना मांडीवर. जास्त नोको इचारू.”

मी विचारायचं थांबवलेलं नाही, स्वभाव आहे तो. पण वर्ष होत आलं, उत्तर नाही. व्हिसासाठी कुणी यादी मागितली तर त्याच पानाची झेरॉक्स देते. आणि आता बाजाराची असो की कार्यालयाची, कुठलीही यादी केली की शेवटी एक ओळ कोरी सोडते. कुणासाठी, ते मला ठाऊक नाही.