रिकाम्या गावाचं निशाण

आमच्या गावाला नगरपंचायत झाली, तेव्हा गावाचा स्वतःचा झेंडा असावा असं ठरलं. कोरेगावच्या बाजूला कुणाकडेच तसा नाही, म्हणून उत्साह जास्त. देवीच्या देवळातल्या पेटीत एक जुनं निशाण सापडलं: पांढरं कापड, मधे काळा पट्टा, कडेला हळदी झालर. जुनं म्हणजे मानाचं, असं सगळ्यांनी धरलं. माझं शिवणाचं दुकान आहे, त्यामुळे तसंच नवं शिवायचं काम माझ्याकडे आलं. टेरिकॉट वापरलं, दुहेरी शिलाई घातली आणि देऊन टाकलं.

सकाळी वेशीवर झेंडा चढला. जेवायच्या वेळी सासूबाई घरात नव्हत्या. पांघरूण, तवा, पिठाचा डबा, तेही नव्हतं. त्यांना दमा, त्यात थंडीचे दिवस. मी स्कूटर काढली.

त्या गावाबाहेरच्या माळावर सापडल्या, पण एकट्या नव्हत्या. वेगवेगळ्या आळ्यांतल्या चार-पाच म्हाताऱ्या बसल्या होत्या. साऱ्या इथल्याच लेकी, गावातच दिलेल्या. प्रत्येकीजवळ बोचकं आणि तीन दगडांची चूल. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.

"आत्या, घरी चला. छाती भरंल," मी सासूबाईंना म्हटलं.

"निशाण खाली आल्याबिगर न्हाई. गाव रिकामं केलं की लावायचं असतंय त्ये. पटकीची साथ आली तवा लावलं हुतं. आमी समदी हितं खोपटात ऱ्हायलो."

मी वळून पाहिलं. बाजाराचा दिवस होता. शेजारच्या वाडीचा एक म्हातारा भाजीचा टेम्पो घेऊन वेशीपाशी आला, मान वर करून बघत राहिला आणि माघारी वळला.

मी तडक वेशीत गेले. तिथले पदाधिकारी म्हणाले, ठरावाशिवाय झेंडा उतरवता येणार नाही. ठराव मागाहून करा म्हटलं आणि दोरी सोडली. कापडाची घडी करून पिशवीत घातली.

म्हाताऱ्या एका ओळीनं परत आल्या. सासूबाई शेवटी. त्यांचा डावा हात खाली, अंगापासून थोडा लांब, लहान पोराचं बोट धरावं तसा. चढावर त्या मधेच थांबायच्या, खाली बघायच्या, मग पुढं निघायच्या. त्यांना एक धाकटी बहीण होती, एवढं मला ठाऊक होतं. ती कशानं गेली, हे मी कधी विचारलं नव्हतं.

घरी येऊन त्या भिंतीला टेकून बसल्या, शेजारी जागा सोडून.

"दोघींचं वाढ," म्हणाल्या.

भाकरी गार होत होत्या. मी दोन ताटं वाढली.