चौथे उद्दिष्ट

डोंगापंडितांचा वर्ग बंद पडला तो माझ्यामुळे. गावात लोक म्हणतात, विद्यापीठाने नाही म्हटले. विद्यापीठात विचारले तर सांगतील, तपासणीचा अहवाल प्रतिकूल होता. तो अहवाल मी लिहिला. माझ्यावर कोणाचा दबाव नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्या माणसाचे गुण सांगू लागलो की ते कोणाच्या तोंडून येत आहेत, हे वाचणाऱ्याच्या लक्षात राहील.

त्यांच्याबद्दल पहिली गोष्ट आठवते ती त्यांच्या कानांची. आम्ही पाच-सहा जण तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून पाठ म्हणायचो आणि ते डोंग्यात उभे राहून मध्यभागी जाळे टाकत असायचे. तिथून त्यांना आमच्यातल्या एकाने ऱ्हस्वाचे दीर्घ केलेले ऐकू यायचे. "कोन आहे रे तो बाभळीखालचा? शब्द गिळून काऊन राह्यला? मासोळी आहे का ते?" सगळे हसायचे आणि बाभळीखालचा पुन्हा म्हणायचा. हळू म्हटलेले त्यांना मुळीच चालत नसे. "पानी ओलांडून पल्याड जाते त्याले पाठ म्हनतेत. बाकी सारी कुरकुर," असे ते म्हणत.

आमचे गाव ब्रह्मपुरीपासून आत, वैनगंगेच्या बाजूला. डोंगापंडितांना आम्ही भाऊ म्हणायचो; ते जातीने ढिवर, म्हणजे नावाडी-मासेमार. पूल नव्हता तेव्हा नदीवर डोंगा चालवायचे. नदीपलीकडचे एक म्हातारे मास्तर संस्कृत शिकवायला रोज ब्रह्मपुरीला जात आणि डोंग्यात बसले की वाटभर पाठ म्हणत. भाऊंनी पहिल्यांदा नुसते ऐकले. महिनाभराने मास्तर एका ओळीवर अडखळले, तेव्हा पुढची ओळ मागून, बांबू रेटणाऱ्याने म्हटली. मास्तरांनी वळून पाहिले आणि त्या दिवसापासून जाता-येता शिकवायला सुरुवात केली. असे अकरा वर्षे चालले. भाऊंच्या दोन्ही हातांत बांबू असायचा, त्यामुळे पुस्तक कधी धरलेच नाही. पुढे पूल झाला, मास्तर गेले, आणि भाऊ गावच्या तलावावर मासेमारी करू लागले. डोंगापंडित हे नाव लोकांनी चिडवायला ठेवले होते. ते त्यांनी कपाळाला टिळा लावावा तसे मिरवले.

त्यांचा वर्ग दुपारी भरायचा, जाळी दुरुस्त करायच्या वेळेला. बाया, गडी, आम्ही पोरे, सगळ्यांचे हात जाळ्यात आणि तोंडात धातूंची रूपे. पाण्याची नावे, माशांची नावे, झाडांची नावे, सगळे श्लोकांत. वही काढली की ते रागवायचे. "हात कामात असू दे. मंग डोस्कं इकडंतिकडं पयत नाई." माझे वडील धानाची शेती करणारे, आमच्या घरी जाळे नव्हते. म्हणून मला नेहमी दुसऱ्याच्या जाळ्याचे टोक धरायला मिळायचे. ते धरून मी जे शिकलो, त्यावर शाळेत पहिला आलो, नागपूरला जाऊन एम.ए. झालो आणि संस्कृतसाठीच उभ्या केलेल्या एका विद्यापीठात नोकरीला लागलो.

तिथे पहिल्याच वर्षी एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मला थांबवून विचारले, "तुमचे उच्चार जुन्या घराण्यातले वाटतात. गुरू कोण?" मी नुसता हसलो. त्यांनी आपल्या मनाने काहीतरी ठरवले आणि ते चार जणांना सांगितले. वर्षा-दोन वर्षांत माझ्याभोवती एक पाठशाळा तयार झाली, जिथे मी कधी गेलो नव्हतो. मी ती पाडली नाही. तिच्यात राहायला मला आवडू लागले होते.

विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत पहिल्या पानावर उद्दिष्टे छापायची ठरली, तेव्हा मराठी मसुदा माझ्याकडे आला. संस्कृत कोणत्याही भेदाविना समाजाच्या सर्व थरांपर्यंत नेणे. शास्त्रांची आजच्या ज्ञानाशी सांगड घालणे. हस्तलिखितांचे जतन करणे. आणि चौथे, मौखिक अध्ययनाची परंपरा जिवंत ठेवणे व तिला मान मिळवून देणे. चौथे माझ्या पदरचे. खरे सांगायचे तर तीनवर थांबलो असतो तर पान रिकामे दिसले असते. समितीत त्याचे कौतुक झाले. त्या आनंदात मी पुस्तिकेची एक प्रत भाऊंना पाठवून दिली.

पुढच्या सुटीत गावी गेलो तर भाऊंनी पाळीवर मला बसवून सगळी उद्दिष्टे म्हणून दाखवली. त्यांना वाचायला वेळ लागे, अक्षरावर बोट ठेवून वाचत. पण एकदा वाचलेले पक्के. त्यांनी ती चालीवर बसवली होती. "चौथं आमच्यासाठीच लिवलं ना, बाबू?"

"हो भाऊ," मी म्हणालो.

"मले वाटलंच. पह्यले तीन लांबून लिवल्यासारखे लागते. चौथं लिवनारा पाळीवर बसला असन."

मग त्यांनी जे मागितले ते फार थोडे होते. कौसल्याबाई म्हणून त्यांच्याकडे वीस वर्षे शिकणारी एक बाई होती. सकाळी ब्रह्मपुरीच्या बाजारात मासे विकायची आणि दुपारी वर्गात सगळ्यांच्या पुढे असायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. "माह्यामागं हेच शिकवन," भाऊ म्हणाले. "पन बाईमानूस, त्यात अंगठेबहाद्दर. कोनी बसन नाई तिच्यापुढं. तुमचं केंद्र म्हनून कागद भेटला, तिची तोंडी परीक्षा झाली, तर बसतीन लोक. माह्यं वय झालं आता."

कौसल्याबाई जाळ्यातून डोके वर न काढता म्हणाली, "मले परीक्षेचं भेव नाई. पन त्या साहेब लोकायले मासोळीच्या वासाचं भेव नसलं पायजे." तिच्यासोबत मीही हसलो.

अर्ज मीच भरून दिला. तपासणीला बाहेरचे एक तज्ज्ञ आणि विद्यापीठातर्फे एक माणूस, असे दोघे जायचे होते. तो माणूस मी निघालो. तेव्हा नाही म्हणता आले असते. पण दुसरा कोणी गेला आणि त्याने पाळीवर माझे नाव ऐकले तर काय, हे मनात होते.

त्या दिवशी वर्गाने पाळ झाडून ठेवली होती. भाऊंनी धुतलेले धोतर नेसले होते, पण हातात जाळे होतेच. तज्ज्ञांनी विचारत जावे आणि उत्तर यावे, असे तासभर चालले. शेवटी त्यांनी कौसल्याबाईला मुद्दाम आडवळणाची रूपे विचारली. तिने गाठ मारता मारता ती म्हटली, न थांबता, आणि पलीकडच्या काठावर म्हशी धुणारा एक गडी हात थांबवून ऐकत राहिला.  तज्ज्ञ भले गृहस्थ होते, हेही सांगायला हवे. सगळा दोष त्यांच्यावर टाकता आला असता तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

गाडीपाशी येऊन ते मला हलक्या आवाजात म्हणाले, "विलक्षण आहे हो. आणि गंमत म्हणजे तुमच्या उच्चारांची आठवण झाली. तुम्ही याच भागातले ना? ओळखता यांना?"

भाऊ आमच्यापासून वीस पावलांवर पाठमोरे उभे होते, जाळे गोळा करत.

"तोंडओळख आहे," मी म्हणालो. मीही हलक्या आवाजातच बोललो.

जाळे गोळा करणारे हात क्षणभर थांबले. मग भाऊ गाडीपाशी आले. त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा साहेब म्हटले. "साहेब, तुमच्यासाठी मरळ ठेवली होती. पण गाडीत वास येईल. राहू द्या." एकही शब्द आमच्या बोलीतला नव्हता. परक्या माणसाशी बोलावे तसे ते शाळेतल्या मराठीत बोलले.

परतताना तज्ज्ञ म्हणाले, "मौखिक परंपरा तर तुमच्या उद्दिष्टांतच आहे. अहवाल तुम्हीच लिहा, मी सही करतो." मी लिहायला चार दिवस घेतले. केंद्राला मान्यता मिळाली असती तर उद्घाटन झाले असते, प्राध्यापक आले असते, आणि भाऊंनी नाही तरी गावातल्या कोणीतरी मला बोट दाखवून सांगितलेच असते की हा इथेच जाळ्याचे टोक धरून शिकला. चार दिवसांनी मी लिहिले: "सदर वर्गात केवळ मौखिक पाठांतर असून लेखन-वाचनाचा अभाव आहे. बहुसंख्य विद्यार्थी निरक्षर आहेत. सबब केंद्रास मान्यता देऊ नये." तज्ज्ञांनी कागद दोनदा वाचला. माझ्याकडे पाहिले. म्हणाले, "तुम्हाला तिथली जास्त माहिती." आणि सही केली.

अहवालातल्या ओळींसह नकाराचे पत्र गावात पोहोचल्यावर काय झाले, ते मला माझ्या सख्ख्या भावाकडून तुकड्या-तुकड्यांनी कळले. बाजारात कौसल्याबाईला लोक विचारायचे, "काय पंडितीनबाई, नापास झाल्या म्हंते?" आधी गडी यायचे थांबले, मग बाया. प्रत्येक जण आपले जाळे आपल्या घरी दुरुस्त करू लागला. भाऊंनी मला फोन केला नाही की निरोप पाठवला नाही. मीही चार वर्षे गावी गेलो तो रात्रीपुरता, आणि तलावाच्या बाजूने गेलो नाही. या चार वर्षांत विद्यापीठाच्या वर्धापनदिनाला उद्दिष्टांचे वाचन मीच करत होतो. उच्चार चांगले म्हणून ते काम माझ्याकडे होते. चौथ्याला दर वर्षी टाळ्या पडत.

यंदा टाळ्या पडल्या तेव्हा मी पुढचे वाक्य विसरलो. कागद समोर होता, पण अक्षरे लागेनात. प्रकृतीचे कारण सांगून खाली उतरलो आणि दुसऱ्या दिवशी ब्रह्मपुरीच्या एसटीत बसलो.

दुपारची वेळ होती. पाळीवर भाऊ एकटेच जाळे घेऊन बसले होते, फार वाळले होते. थोड्या अंतरावर कौसल्याबाई मासे सुकवत होती. पाळीच्या उतारावर पाच-सात गडी डोंग्याला डांबर लावत होते. त्यातले तिघे जुने वर्गातले. मी भाऊंच्या पाया पडलो. त्यांनी वर पाहिले, ओळखले. जाळ्याचे एक टोक माझ्याकडे सरकवले. मला वाटते, तसे करायची त्यांच्या हातांना सवयच होती.

"कोन आला?" कौसल्याबाईने उन्हातून डोळे बारीक करून पाहिले आणि उठून जवळ आली. "हो काय! साहेब!" मग तिने कमरेवर हात ठेवून, भाऊंनी शिकवलेल्या त्याच खणखणीत आवाजात म्हणायला सुरुवात केली. "सदर वर्गात केवळ मौखिक पाठांतर असून लेखन-वाचनाचा अभाव आहे. बहुसंख्य विद्यार्थी निरक्षर आहेत. सबब केंद्रास मान्यता देऊ नये." एक मात्रा चुकली नाही. "भाऊनं एकडाव वाचून दाखवलं होतं. आमचा शेवटचा पाठ तोच."

मी भाऊंकडे वळून म्हणालो, "भाऊ, माफ करा. ते मी लिहिले होते."

भाऊ माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. कानामागे हात नेला.

"त्यायले ऐकू येत नाई आता," कौसल्याबाई म्हणाली. "दोन वर्सं झाले. हळू बोलून काई फायदा नाई. जोरानं बोला."

मी थोडा आवाज चढवला. भाऊंनी मान हलवली. "काय म्हनतेस, बाबू? पोचून नाई राह्यलं."

डांबर लावणारे थांबले होते. पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बाया दिसत होत्या. मी उभा राहिलो. जाळ्याचे टोक माझ्या हातातच होते. चाळीस वर्षांपूर्वी याच जागेवर जसा छातीत श्वास भरून घ्यायचो, तसा घेतला आणि तलावापलीकडे जाईल एवढ्या मोठ्याने ओरडलो, "भाऊ, मी तुमच्यापाशीच शिकलो! दुसरा कोनी गुरू नाई मले! त्या दिवशी मी तोंडओळख म्हनलो, ते खोटं होतं! लाज वाटली मले तुमची, म्हनून वर्ग बंद पाडला! मले माफ करा!"

पलीकडच्या बायांनी माना वर केल्या.