तिसरा व्हॉल्व्ह

बाबांनी दुकानदाराकडे बघून मान हलवली, "हां हां, बराबर" म्हणाले, आणि त्यांना एक अक्षरही ऐकू आलेलं नाही हे मला तिथल्या तिथे कळलं.

उल्हासनगर कॅम्प चारमधलं ते दुकान म्हणजे ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारं लहानसं वर्कशॉप. मालक सिंधी, माझ्याच वयाचा. व्हॉल्व्हच्या, म्हणजे दिव्यासारख्या तापणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या, जुन्या ॲम्प्लिफायरचं सामान कुठून कुठून शोधून आणायची त्याला हौस. बाबांच्या हातात व्हॉल्व्हचा खोका ठेवत तो म्हणाला होता, "अंकल, ये डालोगे तो अंदर वोल्टेज चढ़ेगा. आपका कंडेन्सर पुराना है ना? पहले वो बदलो, फिर ये लगाओ. नहीं तो फटेगा, मैं बोल के रखता हूँ." मागे गुंडाळायचं मशीन घुमत होतं. बाबांची नजर खोक्यावर खिळलेली. मी मध्ये बोलायला हवं होतं. पण परक्या माणसासमोर "बाबा, ऐकू आलं का?" असं ओरडून विचारायचं माझ्या जिवावर आलं. घरी गेल्यावर सांगू, असं ठरवलं. घरी गेल्यावरही सांगितलं नाही.

बाबांचा कान ही आमच्या घरातली अभिमानाची गोष्ट होती. अंबरनाथला एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ते तपासनीस होते. ओतून आलेल्या लोखंडी भागावर एकजण लहान हातोडी मारायचा आणि दुसरा त्याच्याकडे पाठ करून उभा राहायचा. नुसत्या नादावरून आत तडा आहे की नाही ते तो चिठ्ठीवर लिहायचा. पाठ करून, कारण डोळे कानाला फितवतात, असं बाबांचं मत. चिठ्ठीत तडा निघाला की पहिला माणूस पुन्हा हातोडी मारून स्वतः ऐकायचा, त्याशिवाय माल बाद होत नसे. ज्यांना कान नाहीत त्यांच्यासाठी मीटर, असं बाबा म्हणायचे. अशा माणसाला तुम्ही बहिरे होत चाललात हे कोण सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत मी गप्प बसले.

आई गेल्यावर वेळ खायला उठला, तेव्हा त्यांनी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर जोडला. पुढे त्यातला रेक्टिफायर बदलून बघायचं वेड लागलं. भिंतीतून येणारी वीज सारखी दिशा बदलते, ॲम्प्लिफायरला ती एकाच दिशेने लागते. ती तशी करून देणारा व्हॉल्व्ह म्हणजे रेक्टिफायर. त्यानंतरही विजेत उरलेले हेलकावे कंडेन्सर गिळतो, आणि तो थकला की आवाजात घरघर उतरते. गाणं रेक्टिफायरमधून जात नाही, तरी तो बदलला की गाणं बदलतं, अशी बाबांची श्रद्धा. आणि ती खोटी नव्हती. पहिला, मूळचा, स्वभावाने मवाळ होता. तबल्याची जोरकस थाप आली की आवाज जरा दबायचा. दुसरा त्याच्यापेक्षा धीट, पण थोडा रासवट. तिसरा त्या खोक्यातला. तो सगळ्यात सावकाश तापायचा. बटण दाबल्यावर कितीतरी वेळ खोलीत काहीच नाही, आणि मग आवाज यायचा तो छातीला लागेल इतका भरीव. तिघांची बैठक सारखी, त्यामुळे तिघेही एकाच सॉकेटात बसायचे.

दर रविवारी दुपारी मी बदलापूरहून स्कूटीवर बाबांकडे यायचे. फाउंड्रीचीच रीत घरात चालू होती. मी ॲम्प्लिफायरकडे पाठ करून खुर्चीत बसायचं, बाबांनी मागे व्हॉल्व्ह बदलायचा, सतारीची तीच रेकॉर्ड लावायची आणि मी चिठ्ठी लिहायची. पूर्वी बाबा स्वतःची चिठ्ठी आधी लिहायचे आणि मग माझी बघायचे. आता ते माझी आधी मागू लागले. मी लिहिलं "खर्ज भरलेला," की त्यांच्या चिठ्ठीतही खर्ज भरलेला. मी मुद्दाम एकदा "टिपेला जरा कोरडा" असं काहीतरी ठोकून दिलं. तेही उतरलं.

तिसरा व्हॉल्व्ह लागला त्याच रविवारी मला घरघर ऐकू आली. अगदी बारीक, सुरांच्या मधल्या जागेत. रेकॉर्ड संपल्यावर ती एकटीच उरली. बाबा माझ्या मागे उभे राहून म्हणाले, "काय शांतता आहे बघ. काळा पडदा!" मी चिठ्ठीवर लिहिलं, "तिसरा सरस. पास." घरघर लिहिली असती तर त्यांनी कान लावून ऐकायचा प्रयत्न केला असता, आणि मग त्यांना जे कळलं असतं ते मी त्यांना कळू देणार नव्हते. निदान मी स्वतःला असं समजावलं. खरं म्हणजे मला त्यांचा पडलेला चेहरा बघायचा नव्हता. एवढीच माझी माया.

पुढच्या रविवारी घरघर जास्त होती. त्याच्या पुढच्या रविवारी त्याहून जास्त. बाबा आता पहिला आणि दुसरा व्हॉल्व्ह नावाला लावायचे, तिसऱ्यालाच सगळा मान. मी खुर्चीत बसायचे आणि माझ्या पाठीमागे काहीतरी फुगतंय असं वाटत राहायचं. वळून बघायची मुभा नव्हती. एकदा मी पाठमोरीच, हळूच म्हणाले, "बाबा, कंडेन्सर बदलायचा का?" उत्तर आलं नाही. लाज वाटते सांगायला, पण मला हायसं वाटलं. सांगितल्याचं पुण्यही पदरात पडलं आणि ऐकल्याचा त्रासही कुणाला झाला नाही.

मग एका रविवारी वास आला. गरम धातूचा, जरा आंबूस. घरघर इतकी वाढली होती की सतार तिच्यात बुडत होती. आता मात्र माझा धीर सुटला. मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "मागे घरघर येते," आणि हात मागे करून त्यांना दिली.

मागे बाबा चिठ्ठी वाचत होते. "घरघर?" ते म्हणाले. "थांब, बघतो."

मी थांबले. तपासणारा तपासतोय तोवर पाठ फिरवून बसायचं, ही सवय माझ्या अंगात इतकी मुरलेली, की मी भिंतीकडे बघत बसून राहिले. चार-पाच श्वास गेले. काहीच हालचाल नाही म्हणून मी वळले. बाबा गुडघे टेकून, डोळे मिटून, ॲम्प्लिफायरच्या उघड्या बाजूला कान लावून बसले होते. गाल कंडेन्सरपासून वीतभरही लांब नव्हता.

"बाबा, मागे व्हा!" मी किंचाळले. त्यांचे डोळे मिटलेलेच राहिले. बटण भिंतीवर होतं, चार पावलांवर. मी दोन टाकली.

तो आवाज चाळीतल्या सगळ्यांनी ऐकला. पांढरी वाफ, कागदाचे चिटोरे, सडक्या मासळीचा वास. मी बटण बंद केलं आणि बाबांना धरून मोरीत नेलं. डोळ्याखाली दोन बोटांवर गाल भाजून लाल झाला होता. डोळा वाचला होता. मी पाणी मारत होते आणि बाबा चक्क हसत होते. "हा आला," ते म्हणाले. "हा मला स्पष्ट ऐकू आला!"

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. "त्या दुकानदाराने सांगितलं होतं!" मी ओरडले. "कंडेन्सर आधी बदला, नाहीतर फुटेल म्हणून सांगितलं होतं. तुम्हाला ते ऐकू आलं नव्हतं, आणि मला ते माहीत होतं!"

बाबांनी नळ बंद केला. माझ्या ओठांकडे बघत म्हणाले, "परत सांग."

मी परत सांगितलं. एकेक शब्द सुटा करून.

"मला ऐकू येत नाही हे मला ठाऊक आहे गं," ते म्हणाले. "वर्ष झालं. म्हणून तर तुला बोलावत होतो. तुझ्या कानांच्या भरवशावर मी त्या डब्यात हात घालत होतो." गालावरून पाणी निथळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "घरघर कधीपासून होती?"

"पहिल्या दिवसापासून," मी म्हणाले. माझा आवाज फुटला नव्हता, नुसते ओठ हलले होते. तरी एवढं त्यांना एकदाच सांगावं लागलं.