शेजाऱ्याच्या बाणाचा फाळ

मी चाळीस वर्षे पोलादाची पाती तपासली. आधी पुण्यात, नंतर इथल्या एका अवजारांच्या कारखान्यात. निवृत्तीनंतर आल्मेरे या डच शहरात राहिलो. पत्नी गेल्यावर एकटाच.

महामारीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात माझे बोलणे दिवसातून एकदाच होई. मुलगा उइटहॉर्नहून येऊन सामानाची पिशवी दारात ठेवी. नातवंडे मोटारीतून हात हलवत. मात्र सकाळी दहाला, कॉफीच्या वेळी, शेजारी कुंपणापलीकडे खुर्ची टाकून बसे. मी अलीकडे, दीड मीटर सोडून. तोही एकटा होता. एरवी क्वचित बोलणारी आम्ही दोन माणसे त्या तासाला चुकत नसू.

तो धनुष्याने शिकार करणारा. या देशात तशी शिकार करण्यास बंदी आहे, म्हणून दर सप्टेंबरात तो हंगेरीला जाई, तांबड्या हरणासाठी. आदल्या वर्षी जाता आले नव्हते. त्या हिवाळ्यात करोनाने त्याला तीन आठवडे रुग्णालयात ठेवले. आता पुन्हा जायचे ठरले होते.

एका सकाळी त्याने बिस्किटांचा डबा कुंपणावर ठेवला. आत शिकारी बाणांना पुढे बसवायचे तीन प्रकारचे फाळ होते.

"बूरमान," तो म्हणाला. इथे शेजाऱ्याला अशीच हाक मारतात. "पोलाद तुला कळते. यातला कुठला घेऊ?"

"मी मांस खात नाही."

"तुला वाढतोय कोण? पाते बघ, गवतखाऊ."

पहिल्या फाळाची पाती मिटलेली होती. प्राण्याला लागताच ती उघडत. जखम रुंद होते, असे तो म्हणाला. दुसऱ्याला तीन पाती, बदलता येणारी. तिसरा एकसंध पोलादाचा, दोन पात्यांचा, जाड आणि दिसायला साधा.

"धनुष्याची ओढ किती?"

"पूर्वी पासष्ट पौंड." तो म्हणाला. "आता पन्नास. तेवढीच झेपते."

मी मिटलेल्या पात्यांचा फाळ बाजूला सारला. पाती उघडण्यात बाणाचा जोर खर्च होतो, आणि त्याच्याकडे जोर शिल्लक नव्हता. तीन पात्यांच्या फाळाचे टोक बोथट होते. ते कातडे आधी रेटते, मग कापते. दोन पात्यांचा फाळ शिरताक्षणी कापतो. वजनही त्याचेच अधिक होते, त्यामुळे बाण खोल जातो. मी त्याच्यावर कानस फिरवून पाहिली. फार कठीण असता तर हाडावर तुकडा उडाला असता. फार मऊ असता तर धार वळली असती. तो योग्य होता.

"हा. पण धार कारखान्याची आहे, ती चालणार नाही."

डब्यात तसे सहा फाळ होते; आठवडाभर मी ते दगडावर घासले. ताणलेल्या रबराला पाते नुसते टेकवले की रबर तुटले पाहिजे, ही परीक्षा त्यानेच सांगितली. सहाही उतरले. तो रबर तुटताना लहान मुलासारखा हसे. मला त्या आठवड्यात रविवार कधी आला ते कळले नाही.

मग त्याने बागेतल्या फोमच्या ठोकळ्यावर सराव सुरू केला. पंचवीस पावलांवरून, त्याच फाळांनी. सरावाच्या टोकाचा बाण वेगळा उडतो. पहिले दोन बाण एकमेकांजवळ लागले. तिसऱ्याला कोपर थरथरले. पाचवा वीतभर खाली गेला. सहाव्यानंतर तो वाकून श्वास घेत राहिला. मी हे रोज पाहिले. वीतभर खाली म्हणजे हरणाच्या फुफ्फुसाऐवजी पोट.

"कसे वाटते?" त्याने विचारले.

"फाळ सरळ उडतो आहे," मी म्हणालो.

ते खरे होते. त्याने फाळाविषयी विचारले नव्हते, हेही मला ठाऊक होते.

सप्टेंबरअखेर तो परतला. खुर्ची टाकली, पण कॉफी आणली नाही.

"तिसऱ्या संध्याकाळी नर आला," तो म्हणाला. "वीस पावलांवर. आडवा उभा. मी धनुष्य बराच वेळ ताणून धरले होते. बाण पोटात लागला. कुत्रा घेऊन दोन दिवस शोधले. सापडला नाही." मग म्हणाला, "तुझ्या फाळाचा दोष नाही. हात माझा."

इथे मी गप्प राहू शकलो असतो. त्याने मला सोडवले होते.

"हात मी ऑगस्टमध्येच पाहिला होता," मी म्हणालो.

त्याने मान वर केली. "काय पाहिलेस?"

"पाचवा बाण. रोजचा."

"आणि बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर तू धनुष्य ठेवून दिले असतेस. किंवा रागावला असतास. दोन्हींत तू इथे बसायचा थांबला असतास."

"ते जनावर दोन दिवस कुठेतरी पडून होते, बूरमान," एवढेच तो म्हणाला. मग खुर्ची मिटून काखेत घेतली आणि आत गेला.

आता रस्त्यात भेटलो की तो मान हलवतो, मीही हलवतो. दहा वाजता मी कॉफी स्वयंपाकघरात उभ्यानेच घेतो. त्या खिडकीतून त्याची बाग दिसत नाही.